पाठ कोण बघणार?



आपल्या गटातली एक मैत्रीण मालवणात घरीच शिवणकाम करते. गेल्या डिसेंबरात शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या नाचासाठी तिच्याकडे तेरा मुलींचे ब्लाऊज शिवायला आले. बारा मुलींची मापं बिनबोभाट झाली. तेरावीच्या उजव्या खांद्यापासून कमरेपर्यंतचं माप डाव्या बाजूशी जुळेना. आपलंच चुकलं असं वाटून तिने पुन्हा टेप लावला. मग मुलीला पाठमोरी उभी केली, ओढणी काढायला लावली. उजव्या खांद्याचा फरा वर आलेला, कमरेची डावी बाजू सरळ आणि उजवीकडे खोल खळगा. मुलगी चौदा वर्षांची, नववीतली.

मैत्रीण त्याच संध्याकाळी मुलीच्या घरी गेली. आई म्हणाली, "नाय गो, तिचा चालणाच तसा असा." आजीने तर तिलाच समजावलं, "दर्याकाठचे माड वाकडे नाय आसत? तेंका नारळ लागतत ना?" वडील मासेमारीला गेलेले. महिनाभराने कुडाळला एक्स-रे निघाला. बाक त्रेपन्न अंशांचा. पुढे मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, पट्ट्याची वेळ निघून गेली, आता शस्त्रक्रियेचा विचार करा.

हे सगळं आमच्या बैठकीत सांगताना ती मैत्रीण मध्येच थांबली. म्हणाली, "मी दोन वर्षं तिचा गणवेश शिवत्ये. दोन्ही वर्षं एक खांदा अर्ध्या इंचाने खाली कापला. फिटिंग नीट बसावं म्हणून. म्हणजे मीच ते कापडाने झाकत होते की गं."

तिला कुणी दोष देण्याचा प्रश्नच नव्हता. पण आम्ही दहा-बाराजणी होतो आणि सगळ्याच गप्प झालो. मी आठवू लागले, माझ्या मुलीची पाठ मी शेवटची कधी पाहिली? ती आता तिशीला आली. नवव्या-दहाव्या वर्षी तिने न्हाणीला आतून कडी लावायला सुरुवात केली, तेव्हा मला बरंच वाटलं होतं, मुलगी शहाणी झाली म्हणून. त्यानंतर तिची पाठ मी पाहिलेलीच नाही. आपल्याकडे मुलीचं शरीर वयात येताना तिच्या आईच्याही नजरेआड जातं. आणि कणा वाकतो तो नेमका याच वर्षांत.

या वाकण्याला डॉक्टर स्कोलिओसिस म्हणतात. पोक म्हणजे पाठ पुढे झुकणं. स्कोलिओसिसमध्ये कणा बाजूला वळतो आणि वळता वळता स्वतःभोवती पिळला जातो. त्या पिळामुळे बरगड्या एका बाजूला मागे उचलल्या जातात. दहा ते अठरा या वयातल्या मुलामुलींत शंभरात दोन-तीन जणांच्या कण्याला दहा अंशांहून जास्त बाक असतो. त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीही त्रास होत नाही. या बाबतीत आजीचं बरोबरच आहे, बहुतेक माड वाकडे असून नारळ धरतात. लहान बाक मुलग्यांत आणि मुलींत जवळजवळ सारखेच आढळतात. पण बाक वाढत जाऊन तीस अंशांच्या पुढे गेलेली मुलं पाहिली, तर त्यांत मुली कित्येक पटींनी जास्त. एका मुलग्यामागे दहा मुली, असं प्रमाण वैद्यकीय लिखाणात वारंवार दिलं जातं. म्हणून हा विषय आपल्या अंकात.

कारण काय? बहुतेक वेळा माहीत नाही. डॉक्टर त्याला 'इडिओपॅथिक' म्हणतात, त्याचा साधा अर्थ तोच. काही घराण्यांत तो जास्त दिसतो एवढं कळलेलं आहे. दप्तराच्या ओझ्याने तो होत नाही. दप्तर शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नसावं, असं महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ठरवलं ते योग्यच, पण त्याचा या आजाराशी संबंध नाही. पाण्याचा हंडा, माशांची पाटी, वाकून बसण्याची सवय, यांनीही तो होत नाही. आणि आईने गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही म्हणून तर मुळीच होत नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण त्या मुलीच्या घरी चौथ्या दिवशी शेजारणीने हाच प्रश्न विचारला. मुलीचा कणा वाकला आणि आईची उलटतपासणी सुरू झाली.

आपल्या पुराणांतली वाकडी माणसं आठवून पाहा. अष्टावक्र आठ ठिकाणी वाकडा, पण जनकाच्या सभेत जाऊन पंडितांना हरवतो. त्याचं वाकडेपण त्याच्या ज्ञानाआड येत नाही. मंथरेचं कुबड मात्र तिच्या कपटाची खूण होऊन बसतं. कुब्जेला कृष्ण सरळ करतो आणि मगच ती सुंदर ठरते. वाकडा पुरुष ऋषी झाला. वाकड्या बाईला दुष्ट तरी व्हावं लागलं, नाहीतर कुणीतरी येऊन सरळ करेपर्यंत वाट पाहावी लागली. मंथरेची गोष्ट आपण मुलींना लहानपणापासून ऐकवतो. मग पाठीवर उंचवटा आहे असं लक्षात आलेली मुलगी ओढणी आणखी रुंद पसरते, यात नवल काय?

आता मुख्य गोष्ट. हा बाक ओळखायला यंत्र लागत नाही. भात लावताना बाई जशी वाकते, तसं मुलीला वाकायला सांगायचं. पावलं जुळलेली, गुडघे ताठ, दोन्ही तळवे एकमेकांना जोडून हात सैल खाली सोडलेले. पाठ जमिनीला समांतर झाली की मागून, पाठीच्या उंचीवर डोळे आणून पाहायचं. दोन्ही बाजू सारख्या दिसतात की एका बाजूच्या बरगड्या टेकाडासारख्या वर आल्यात? अर्धं मिनिट पुरतं. लंडनचे शल्यवैद्य विल्यम ॲडम्स यांनी १८६५ साली ही चाचणी मांडली, म्हणजे रोंटगेनला क्ष-किरण सापडण्याच्या तीस वर्षं आधी. ती अजून बदललेली नाही. उभ्या मुलीच्या मानेच्या तळाशी जो मणका बोटाला लागतो, तिथून गवंड्याचा ओळंबा सोडला तर दोरी नितंबांच्या मधल्या रेघेवर पडायला हवी. ती बाजूला पडली, तर तीही एक खूण.

डोळ्यांवर विसंबायचं नसेल तर एक छोटं साधन आहे, स्कोलिओमीटर. अमेरिकेतले अस्थिरोगतज्ज्ञ विल्यम बनेल यांनी १९८४ साली ते प्रसिद्ध केलं. गवंड्याची पाणसळ असते ना, तिच्याच जातीचं. वाकलेल्या पाठीवर आडवं ठेवायचं, आतली गोळी किती अंशांवर थांबते ते वाचायचं. पाच ते सात अंशांच्या पुढे गेली तर डॉक्टरकडे पाठवायचं. भारतातही पंजाबमधल्या डॉक्टरांनी शाळकरी मुलांवर हे साधन वापरून पाहिलं आणि १९८७ मध्ये त्यावर निबंध लिहिला. म्हणजे आपल्याला हे नवीन नाही, आपण पुढे नेलं नाही इतकंच. आज मोबाइलमधल्या पाणसळीनेही हे माप घेता येतं. फक्त मोबाइलची मधली बाजू मणक्यांवर टेकू नये म्हणून दोन्ही कडांखाली आपले अंगठे धरायचे.

इतर देशांत आणखीही वाटा काढल्या गेल्या. जपानने १९७० च्या दशकाच्या अखेरीस शाळांत ही तपासणी कायद्याने आणली. तिथे पाठीवर जाळीतून प्रकाश टाकत. नकाशात डोंगराच्या उंचीच्या रेषा असतात तशा सावलीच्या रेषा पाठीवर उमटतात. दोन्ही बाजूंच्या रेषा जुळल्या नाहीत की बाक कळतो. हाँगकाँगमध्ये १९९५ पासून आधी पाणसळ आणि मग अशा सावल्या, या क्रमाने शाळकरी मुलांची पाहणी झाली. अलीकडे सोनोग्राफीनेही कणा मोजतात. (सोनोग्राफीचं नाव काढलं की आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्या दचकतात. १९८८ चा महाराष्ट्राचा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा ज्यांनी झगडून आणला, त्यांना हे यंत्र मुलीच्या पाठीसाठीही चालतं हे ऐकून बरं वाटावं.)

क्ष-किरण टाळण्यासाठी एवढी खटपट कशाला, असं कुणी विचारेल. या प्रश्नाचं उत्तर हजारो बायकांच्या शरीरांनी दिलेलं आहे. अमेरिकेत १९१२ ते १९६५ या काळात ज्यांच्या कण्याचा बाक निदान झाला, अशा ५५७३ स्त्रियांचा मागोवा घेऊन २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वाढीच्या वयात बाक किती वाढला ते पाहण्यासाठी त्यांचे पुन्हा पुन्हा एक्स-रे काढले होते, सरासरी प्रत्येकीचे सुमारे पंचवीस. त्यांच्यात स्तनांच्या कर्करोगाने ४६ मृत्यू अपेक्षित होते, झाले ७७. वयात येणाऱ्या मुलीच्या स्तनांच्या पेशी किरणांना फार हळव्या असतात आणि त्या काळी समोरून, छातीकडून किरण सोडत. उपचाराच्या हेतूनेच हे केलेलं होतं. पण त्या मुलींची फक्त पाठ मोजली जात होती, छातीचा विचार कुणाच्या मनात आला नव्हता.

आजची यंत्रं त्या काळच्या मानाने फार कमी किरण सोडतात, हेही सांगायला हवं. तपासणीत संशय आला आणि डॉक्टरांनी एक एक्स-रे सांगितला तर तो जरूर काढावा. बाक अंशांत मोजायची १९४८ सालची कॉब यांची पद्धत एक्स-रेवरच चालते, त्याशिवाय उपचार ठरत नाही. मात्र दोन गोष्टी विचारायला लाजू नका. किरण पाठीकडून सोडाल ना? आणि पुढचा एक्स-रे खरंच इतक्या लवकर लागेल का, की मधल्या भेटीत पाठीवरची पाणसळ पुरेल? आपल्याकडे डॉक्टर बदलला की नवा एक्स-रे निघतो, म्हणून जुन्या फिल्म जपून ठेवा. आणखी एक सावधगिरी. पाठ दुखते, रात्री दुखण्याने जाग येते, ताप आहे, वजन घटतंय, पायांत मुंग्या किंवा अशक्तपणा आहे, तर किरणांची भीती बाजूला ठेवून ताबडतोब डॉक्टर गाठा. तो कण्याचा क्षय असू शकतो, आणि तो आपल्या देशातून गेलेला नाही.

वेळेवर कळून उपयोग काय, हा प्रश्न बैठकीतही आला. पंचवीस ते चाळीस-पंचेचाळीस अंशांचा बाक असेल आणि मुलगी अजून वाढत असेल, तर प्लास्टिकचा घट्ट पट्टा देतात. तो बाक सरळ करत नाही, वाढू देत नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या रुग्णालयांनी मिळून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. पट्टा वापरणाऱ्यांत शंभरातल्या बहात्तर जणांचा बाक शस्त्रक्रियेच्या हद्दीपर्यंत, म्हणजे पन्नास अंशांपर्यंत गेला नाही. नुसतं लक्ष ठेवलेल्यांत अठ्ठेचाळीस जणांचा गेला नाही. जे रोज तेरा तास तरी पट्टा घालत, त्यांच्यात यश नव्वदीच्या घरात. या आकड्यांची दुसरी बाजूही वाचा. काहीही न करता जवळजवळ निम्म्या मुली सुटल्या. म्हणजे बाक दिसला की लगेच जखडायचं, असंही नाही. आणि मालवणच्या मे महिन्यात, घामाने अंगाला कपडा चिकटत असताना, प्लास्टिकच्या पट्ट्यात तेरा तास काढणं म्हणजे काय, हे त्या अभ्यासात नाही. सुती बनियन आतून, पाठ कोरडी ठेवणं, शाळेच्या मुतारीत तो सोडता-बांधता येईल अशी जागा, हे आपल्यालाच पाहावं लागेल.

शरीराकडे बघणं एखाद्या बाईच्या हाती आलं की काय होतं, याचंही एक उदाहरण आहे. जर्मनीतली कॅथरिना श्रोट, जन्म १८९४. तिचा स्वतःचा कणा वाकडा होता आणि सोळाव्या वर्षी तिला पोलादी पट्टा घातला होता. तो सहन होईना, तेव्हा तिने आरशासमोर उभं राहून आपल्या पाठीचा अभ्यास केला. दबलेल्या बाजूत श्वास भरला तर ती बाजू फुग्यासारखी वर येते का, हे करून पाहिलं. पेशाने ती शिक्षिका, डॉक्टर नव्हे. १९२१ पासून ती इतरांना हे व्यायाम शिकवू लागली, पुढे तिच्या मुलीने ते काम चालवलं. आज फिजिओथेरपिस्ट तिच्याच नावाने ते व्यायाम शिकवतात. त्यांनी सगळे बाक थांबतात असं मी म्हणणार नाही. पण पाठ लपवायला सांगितलेल्या मुलीने दोन आरसे मांडून ती पाहिली, हे मला फार आवडतं.

या तपासणीवर आक्षेपही आहेत, आणि ते टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. अमेरिकेतल्या प्रतिबंधक उपचारांविषयी सल्ला देणाऱ्या समितीने २००४ मध्ये सरसकट तपासणी नको असं सांगितलं. २०१८ मध्ये ती बदलली, पण एवढीच, की बाजूने किंवा विरुद्ध सांगायला पुरेसा पुरावा नाही. त्यांची भीती खरी आहे. नीट न शिकलेल्या हातांनी तपासलं तर कितीतरी सरळ मुली 'वाकड्या' ठरतील, त्यांचे विनाकारण एक्स-रे निघतील, आणि किरण वाचवायला निघालेलो आपणच मुलींना किरणांत ढकलू. तिथल्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटना मात्र मुलींची दहाव्या आणि बाराव्या वर्षी, मुलग्यांची तेरा-चौदाव्या वर्षी एकदा तपासणी करावी या मताच्या आहेत. मला त्यांचं पटतं, कारण अमेरिकेतली मुलगी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या डॉक्टरसमोर जाते. आपली मुलगी पाळी सुरू झाल्यावर, तीही पोट दुखलं तर जाते. उंची सगळ्यांत झपाट्याने वाढते ती पाळी येण्याच्या आधीच्या सुमारे वर्षभरात, बाकही तेव्हाच वाढतो. आपण शहाणपण शिकवायला घेतो तोवर कण्याचं बरंचसं काम उरकलेलं असतं.

दुसरी भीती अमेरिकन समितीला पडलेली नाही, ती आपली आहे. शाळेत यादी लागली की गावात बातमी. 'अमक्याच्या चेडवाची पाठ वाकडी' हे वाक्य सोयरिकीच्या बैठकीत दहा वर्षांनी उगवेल. त्या मुलीच्या घरी शस्त्रक्रियेबद्दल विचारलेला पहिला प्रश्न होता, व्रण ब्लाऊजच्या बाहेर दिसेल का? दुसरा, मूल होईल ना? दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, होईल. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात उपचार न झालेल्या अशा माणसांना पन्नास वर्षांनी पुन्हा भेटून २००३ साली लिहिलेलं आहे की पाठदुखी आणि दिसण्याची खंत सोडली तर ती कामाधामात, संसारात इतरांसारखीच होती. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही. मुलीचा स्वतःचा प्रश्न वेगळा होता. तिला विचारायचं होतं, नंतर नाचता येईल का, आणि तिला तो विचारू द्यायला आम्हाला बाकीच्यांना गप्प करावं लागलं.

म्हणून तपासणी हवी, पण आपल्या अटींवर. तपासणारी बाई हवी. खोलीला पडदा हवा. आत एका वेळी एकच मुलगी, हवी तर सोबत मैत्रीण. काय करणार ते आधी वर्गात सगळ्यांना करून दाखवायचं. नको म्हणाली तर नको. शर्ट उलटा घालून बटणं पाठीवर आणली तर फक्त पाठ उघडते, बाकी काही नाही. निकाल चिठ्ठीत लिहून मुलीच्या आणि पालकांच्या हाती द्यायचा, फळ्यावर नाही, हजेरीपटावर नाही. आणि मुलग्यांनाही वाकायला लावायचं, म्हणजे 'मुलींची तपासणी' असा शिक्का बसणार नाही.

सिंधुदुर्गात यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. २०१३ साली पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून एकदा शाळेत येतात. पथकात एक स्त्री डॉक्टर असावी, अशी त्याची रचनाच आहे. ते डोळे पाहतात, दात पाहतात, वजन करतात. २०१३ च्या त्यांच्या तीस दोषांच्या यादीत जन्मतः वाकडं पाऊल आहे, निखळलेला खुबा आहे. वयात येताना वाकणारा कणा नव्हता. एकेकाळी पोलिओमुळे डॉक्टर मुलांच्या पाठी बघत. २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला आणि ती नजरही गेली असावी. पाचवी आणि सातवीच्या मुलींसाठी, आठवी-नववीच्या मुलग्यांसाठी अर्ध्या मिनिटाची ही भर घाला, आणि संशयित मुलांना ओरोसला एकाच ठिकाणी तज्ज्ञाकडे पाठवा, असं निवेदन आपण जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना देत आहोत. मसुदा याच अंकात मागच्या पानावर आहे. सह्या हव्या आहेत.

निवेदनाचं जे व्हायचं ते होईल. तोवर एक काम आपल्या हातात आहे. शाळा जूनमध्ये उघडतात आणि गणवेश मे महिन्यात शिवायला टाकतात. मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, देवगड, जिथे जिथे बायका गणवेश शिवतात, तिथे दरवर्षी हजारो मुलींच्या पाठीवरून टेप फिरतो. एक खांदा खाली कापावा लागला, एका बाजूने घेर वर चढला, तर कापड कापण्याआधी आईला बाजूला घेऊन सांगायचं. काय पाहायचं आणि काय बोलायचं, हे शिकायला शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींची बैठक मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी तीन वाजता आपल्या कार्यालयात ठेवली आहे. आमची ती मैत्रीणच शिकवणार आहे. येताना आपापला टेप आणावा.